काच वर असताना

१

दिवेलागणीला मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की डोळ्यांत काहीतरी गेलंय. कचरा असेल म्हणून पाणी मारलं, तर जास्तच चुरचुरलं. चाचपडत स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला, आणि तो उजेड सुईसारखा आत घुसला. हातातला टॉवेल तोंडावर दाबून मी तिथेच फरशीवर बसले.

"अप्पा," मी हाक मारली. "मला दिसत नाहीये."

अप्पा, म्हणजे माझे वडील, कधी धावत नाहीत. जन्मभर कारखाने तपासण्याची नोकरी केली. यंत्रांच्या गर्दीत धावणारा माणूस आधी मरतो, असं ते सांगतात. पण त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीतून ते पळत आल्याचं मी ऐकलं. त्यांच्या पावलांचा तो आवाज ऐकूनच मला खरी भीती वाटली.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी मला हाताला धरून नेलं. पापण्या मिटलेल्याच होत्या, त्यातून पाणी वाहत होतं. डोळ्यांत कुणी वाळू ओतून वरून घासतंय असं वाटत होतं. बाकावर बसले तर शेजारून एक ओळखीचा आवाज आला.

"बाई, तुम्ही पण?"

त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी होत्या. काचसामान धुणं, टेबलं पुसणं, कुलपं लावणं ही त्यांची कामं. त्यांच्या पलीकडे कुणीतरी दातांवर दात रोवून कण्हत होतं. तो यंत्रं बसवायला आलेला कंपनीचा माणूस होता. नव्या प्रयोगशाळेतली सगळी जोडणी त्यानेच केलेली, म्हणून आम्ही त्याला जोडणीवाला म्हणायचो.

सकाळी आम्ही सगळे एकाच खोलीत होतो.

डॉक्टरीणबाईंनी एकेकाला आत घेतलं. डोळ्यांत कसलासा रंग घातला, यंत्रातून बराच वेळ पाहिलं. शेवटी तिघांना एकत्र बसवलं आणि विचारलं, "वेल्डिंग कुठे चाललं होतं? काचेशिवाय वेल्डिंगची ठिणगी बघत बसलेल्या माणसाचे डोळे असे होतात. बुबुळावरची कातडीच भाजलीय तुमची."

आमच्यापैकी कुणी वेल्डिंग पाहिलंच नव्हतं.

२

"बरे होतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "एकदोन दिवस पट्ट्या ठेवा, थेंब घाला, आणि काही झालं तरी चोळू नका."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण पट्टीच्या आतल्या काळोखात बसल्यावर 'बरे होतील' या शब्दांवर विश्वास बसत नाही. मी पलंगाच्या कडेला बसले होते आणि हाताने सारखी भिंत शोधत होते, भिंत तिथेच आहे ना म्हणून.

अप्पांनी खुर्ची ओढली. "सकाळपासून सांग. काही गाळू नकोस."

मी सांगितलं. पेशीशास्त्राची नवी प्रयोगशाळा हे माझ्या अंगावर टाकलेलं काम होतं. पदवीच्या मुलांनी पेशी पुस्तकातल्या चित्रात नको, काचपट्टीवर बघाव्यात, म्हणून कॉलेजने जुनी नमुन्यांची खोली रिकामी करून दिली. बरण्यांतले साप आणि बेडूक हलवले, ओटे बसवले, सूक्ष्मदर्शकांची रांग लावली. उबवण-कपाट आलं, नळ्या गरगर फिरवणारं यंत्र आलं, द्रव ढवळायचा चुंबकी ढवळक आला. आणि सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे पेशी वाढवायची निर्जंतुक पेटी. कपाटाएवढी, पुढे वरखाली सरकणारी काच. काच वर करायची, हात आत घालायचे, काम करायचं. काम झालं की काच खाली ओढून अतिनील दिवा लावायचा. आत राहिलेले जंतू त्याने मरतात.

"उद्घाटनाच्या आधी आज रंगीत तालीम होती," मी म्हणाले. "नमुन्यांच्या खोलीवाले सर होते, मावशी, जोडणीवाला, मी आणि आपली मुंगी. एकेकाने पेटीत हात घालून पाहिला. सर मध्येच बोलायला लागले, आणि सर एकदा बोलायला लागले की..."

"अतिनील दिवा," अप्पा मध्येच म्हणाले. "तो दिसतो का?"

"किंचित निळसर दिसतो. पण पेटीत पांढरा दिवाही असतो. त्याच्या उजेडात..." मी थांबले. "नाही अप्पा, तसं होणार नाही. काच वर असताना तो दिवा लागतच नाही. काचेच्या कडेला एक चुंबक असतो आणि चौकटीत एक कळ. काच पूर्ण खाली आली की चुंबक कळीसमोर येतो आणि तेव्हाच दिवा लागू शकतो. काच उचलली की आपोआप विझतो."

"दार उघडलं की थांबणारी यंत्रं," अप्पा शांतपणे म्हणाले. "जन्मभर तीच तर बघितली. आणि दार उघडं ठेवून यंत्र चालू राहावं म्हणून कुणी काय काय अडकवून ठेवलेलं असतं, तेही बघितलं. कळीसमोर दुसरा चुंबक चिकटवला तर?"

म्हणजे काच वर असताना तो दिवा माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर जळत होता आणि मी हसत हसत मावशींना म्हणत होते, "या ना, जवळून बघा."

अप्पांनी जोडणीवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्याचं बोलणं वेदनेने तुटत होतं.

"साहेब, तालमीच्या आधी मी स्वतः तपासलं होतं. काच वर केली, दिवा विझला. पुन्हा केली, पुन्हा विझला. माझ्यानंतर कुणीतरी हात लावलाय त्याला."

३

मुलांची पहिली तुकडी परवा त्या खोलीत बसणार होती. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे तेच येत राहिलं: पेटीभोवती दाटीवाटीने वाकलेले चेहरे, आणि पुढे झालेली मीच, काच वर करताना.

सकाळी अप्पा कॉलेजात जाऊन आले. बूट काढायच्या आधीच बोलायला लागले.

"पेटी आज अगदी शहाण्यासारखी वागते. काच उचलली की दिवा बंद. म्हणजे काल जे अडकवलं होतं ते तालमीनंतर कुणीतरी काढून घेतलंय. यंत्र बिघडलं असतं तर आजही बिघडलेलंच सापडलं असतं. बाळा, तो ढवळक काल चालला होता का?"

मला आठवलं. चंचुपात्रात पाणी घेऊन जोडणीवाल्याने ढवळक सुरू केला आणि पाणी ढिम्म हललं नाही. पाण्यात टाकायची चुंबकाची पांढरी गोळीच डबीत नव्हती. कारखान्यातूनच राहिली असेल म्हणत तो ओशाळला होता.

"आज ती डबीत आहे," अप्पा म्हणाले. "गोळीवर चिकटपट्टीचा डिंक आहे आणि त्यात एक लाल धागा अडकलाय."

खोली थंड पडल्यासारखी वाटली मला. तोवर मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मी अपघाताची आशा धरून बसले होते.

"खोलीची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"माझ्याकडे. मावशींकडे. सरांकडे. आणि मुंगीकडे."

मुंगी माझी मैत्रीण. आम्ही एकाच वर्गात शिकलो, एकाच कॉलेजात लागलो. मी कायम झाले, ती मात्र दरवर्षी नव्याने नेमली जायची. चणीने लहान आणि एका जागी कधी न बसणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. तीही स्वतःला तेच म्हणायची.

"भेटली मला," अप्पा म्हणाले. "काळा चष्मा लावून बसली होती. तिचेही डोळे चुरचुरताहेत, पण दवाखान्यात गेली नाही म्हणे. मी लाल धाग्याचा विषय काढला नाही, नुसतं विचारलं, सजावट कुणी केली. म्हणाली, मीच केली, लाल रिबीन दाराला बांधली होती. खरं का?"

मी आठवून पाहिलं. लाल रिबिनीचं मोठं फूल मला आठवत होतं. कुठे होतं ते नाही. "दारालाच असेल," मी म्हणाले. "उद्घाटनाची रिबीन आणखी कुठे बांधणार? फोटोत दिसेल. मावशींनी माझ्या फोनवर सगळ्यांचा काढला होता."

"तेच मी तिला म्हटलं. मुलीच्या फोनवर फोटो असतील, संध्याकाळी सावकाश बघू." माझ्या फोनशी अप्पांचं कधी जमलं नाही, फोटो बघायचे तर मीच उघडून द्यायची. "आधी सरांकडे जाऊन येतो. मावशी सांगतात, ही खोली घेतली म्हणून सर महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हते."

ते खरं होतं. बरण्या हलवल्या त्या दिवशी सर खोलीच्या मध्यभागी उभे राहून म्हणाले होते, "माझी उभी हयात तुम्ही अडगळीत टाकलीत." आणि काल आमच्यात तेच एकटे जाड चष्म्याचे होते. काच असले किरण अडवते, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? कालपासून ते फोन घेत नव्हते. शेजाऱ्यांना त्यांनी बंद दाराआडूनच परत पाठवलं होतं.

"मी लवकर येतो. दार ओढून घेतो," अप्पा म्हणाले.

त्यांची पावलं जिन्यात विरली. मी पलंगावर बसून घरातले आवाज ओळखत राहिले. नळ. पंखा. खालच्या मजल्यावरचा रेडिओ.

मग घंटी वाजली.

४

"अगं मी आहे, मुंगी. हळू ये, पडशील."

तिचा आवाज ऐकून इतकं हायसं वाटलं की भिंत धरत धरत मी जवळजवळ पळालेच. तिने मला मिठी मारली, पलंगावर आणून बसवलं, पाठीशी उशी दिली. स्वयंपाकघरात जाऊन दूध गरम केलं. मी तिच्या हालचाली ऐकत होते. भांडं कुठे आहे, साखर कुठे आहे, तिला सगळं ठाऊक होतं.

"किती अंधार करून ठेवलाय," ती म्हणाली. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरसरत गेल्या. पट्टीच्या कडेने तांबूस उजेड आत आला आणि डोळे पुन्हा झोंबले. मी तोंड भिंतीकडे वळवलं.

"कॉलेजात काय चाललंय?"

"गोंधळ. उद्घाटन पुढे ढकलायचं म्हणताहेत. तू बरी होईस्तोवर काम माझ्याकडे द्यायचं असंही बोलतात. मी म्हटलं, आधी तिला बरी तर होऊ द्या." कप माझ्या हातात आला. "तुझा फोन बघ किती वाजतोय. वाचून दाखवू का निरोप?"

"दाखव."

"अंगठा दे ना जरा. बंद झालाय."

तिने माझा हात धरला, अंगठा सरळ केला आणि फोनवर टेकवला. तिची बोटं गार होती. मग ती एकेक निरोप वाचू लागली. प्राचार्यांचा, माझ्या मावसबहिणीचा, दोघातिघा विद्यार्थ्यांचा. भरभर, कुठेही न अडखळता. मावसबहिणीचा तर चांगला लांबलचक होता, तिच्या सगळ्या उपायांसकट.

मी कप ओठांशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

कालपासून डोळ्यांत उजेडाची तिरीप गेली तरी मी कळवळत होते. जोडणीवाला डोक्यावरून चादर घेऊन पडला होता. मावशींनी घरातला दिवासुद्धा लावू दिला नव्हता. आणि हिने पडदा उघडला होता. उन्हात बसून ही बारीक अक्षरं वाचत होती.

"तुझे डोळे कसे आहेत गं?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला.

"चुरचुरताहेत की. काल तर झोपच नाही."

निरोप संपले होते. तरी फोन तिच्या हातातच होता. काचेवर बोट सरकल्याचा, मग टेकल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. मग पुन्हा एकदा.

"काय करतेस?"

"काही नाही, बंद करत होते." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "कोण असेल गं हे करणारं? तुझ्या अप्पांना काय वाटतं?"

"सरांवर संशय आहे त्यांचा."

"मलाही तेच वाटतं." तिचा श्वास मला ऐकू येत होता, फार जवळून. "तू घाबरू नकोस हं. दोन दिवसांत येतात डोळे. तुझी औषधाची वेळ झाली असेल ना? ही बाटली का?"

झाकण फिरल्याचा आवाज आला. तिचा हात माझ्या कपाळावर आला आणि पट्टीखाली बोट शिरलं.

"मान मागे कर," मुंगी म्हणाली.

५

"आत्ताच घातलेत," मी म्हणाले. "अप्पांनी, जाताना."

"एक थेंब जास्त पडला म्हणून काय होतंय?"

"नको. दोनदा घालू नका म्हणाल्यात डॉक्टरीणबाई."

तिचं बोट पट्टीखालीच राहिलं. मी हललेही नाही. हातातला कप कलंडून गरम दूध मांडीवर सांडलं, तरी ओरडले नाही. बाटलीत आमचंच औषध होतं. ते थेंब कदाचित निव्वळ मायेनेच घातले गेले असते. हे मला आजही ठाऊक नाही, आणि कधी कळणारही नाही.

जिन्यात पावलं वाजली. अप्पांची, धावणारी. त्यांच्यामागे आणखी कुणाचीतरी, जड आणि संथ.

मुंगीने बोट काढून घेतलं.

"तू इथे आहेस तर," दारातून अप्पा म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "बरं झालं. बस. सर, तुम्ही या खुर्चीवर बसा. बाळा, तू ठीक आहेस?"

"पडदा ओढा, अप्पा," मी म्हणाले. "तो मुंगीने उघडलाय."

अप्पा क्षणभर थांबले. मग कड्या पुन्हा सरसरल्या आणि पट्टीखाली काळोख परत आला. त्यांना कळलं होतं.

"तुला दिसत नाही, म्हणून सांगतो," ते मला म्हणाले. "सरांचा चेहरा गालांपासून कपाळापर्यंत लाल झालाय, सोलल्यासारखा. फक्त डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं आहेत, चष्म्याच्या आकाराची. सरही त्या उजेडात तुमच्याइतकेच उभे होते. चष्म्याने डोळे वाचवले, एवढंच. मुद्दाम दिवा लावणारा माणूस त्याच्यासमोर तोंड भाजेस्तोवर भाषण देत बसत नाही."

"मला वाटलं अंगावर काहीतरी उठलंय," सर म्हणाले. नेहमी खणखणणारा त्यांचा आवाज बसला होता. "मग हिचा फोन आला. म्हणाली, सर, सगळ्यांचा तुमच्यावर संशय आहे, पोलीस येतील, कुणालाही दार उघडू नका. मी घाबरलो. या वयात बदनामी... दार लावून बसलो."

"मी तुमच्या भल्यासाठीच..." मुंगी बोलू लागली.

"तो फोन काल दुपारी आला होता," अप्पा म्हणाले. "दुपारी कुणाचेही डोळे दुखत नव्हते. या उजेडाची वेदना उशिरा येते, माझ्या मुलीला ती दिवेलागणीला आली. मग दुपारी संशय कसला होता, मुंगीबाई? काय झालंय हे तुम्हाला आमच्या आधी कसं कळलं?"

पंखा फिरत राहिला.

"सरांकडून हे ऐकलं आणि मी निघालो," अप्पांचा आवाज किंचित कापला. "कारण फोटो कुठे आहेत हे तुम्हाला मीच सांगून बसलो होतो."

"फोन टेबलावर आहे," मी म्हणाले. "तिने माझ्या अंगठ्याने उघडला होता."

६

सरांनी माझा अंगठा टेकवून फोन उघडला. तालमीचे फोटो होते. सूक्ष्मदर्शकांचे, ओट्यांचे, उबवण-कपाटाचे. मावशींनी काढलेला सगळ्यांचा फोटो तेवढा नव्हता.

"पुसलेलं एका वेगळ्या कप्प्यात जातं," मी म्हणाले. "तिथे बघा."

"आहे," सर थोड्या वेळाने म्हणाले. "आपण पेटीपुढे उभे आहोत. काच वर आहे. ही मात्र सगळ्यांच्या मागे, माझ्या खांद्याआड." मग ते सावकाश म्हणाले, "रिबिनीचं फूल दाराला नाही. पेटीच्या चौकटीवर बांधलंय, उजव्या अंगाला."

"कळीवर," अप्पा म्हणाले. "फुलाच्या आत चुंबकाची गोळी, चिकटपट्टीने लावलेली. पेटीला वाटलं काच खाली आहे. तालीम संपल्यावर फूल सुटलं, गोळी डबीत गेली. दाराला बांधलं होतं असं मला सांगून झाल्यावर हा फोटो राहू देऊन चालणार नव्हतं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

"कायमचं काही होत नाही त्याने," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, बाकी कुणाशी नाही. "मी वाचलं होतं. दोन दिवसांत बरे होतात. दहादा वाचलं. थोडाच वेळ दिवा लावायचा होता मला, पण सर बोलतच राहिले, आणि सगळ्यांसमोर पुढे होऊन बंद कशी करणार होते?"

"का?" मी विचारलं.

"त्या खोलीचा नकाशा कुणी काढला होता? कुठे नळ, कुठे ओटा, मुलांचे हात कुठवर पोचतात? मी रात्री जागून काढला. तूच म्हणालीस, मुंगे, तुझ्याशिवाय हे झालं नसतं. आणि मग पाटीवर नाव तुझं लागलं. मला या वर्षी परत नेमणार नाहीत, हे तुला कळलं तरी होतं का? तुझ्या हाताखाली काहीतरी घडलं असतं तर त्यांना माझी गरज लागली असती. एवढंच हवं होतं मला."

तिच्या नेमणुकीचं मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या क्षणी तिचा राग आला नाही. भीती वाटत होती, फक्त भीती. जिच्या हातून मी दूध घेतलं, जिला अंगठा दिला, तिच्या मनात हे इतके दिवस होतं आणि डोळे उघडे असताना मला ते दिसलं नव्हतं.

अप्पांनी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत आम्ही चौघं त्या अंधाऱ्या खोलीत बसून होतो.

माझ्या पट्ट्या ठरल्या वेळी निघाल्या. पहिल्यांदा अप्पांचा चेहरा दिसला, दाढी वाढलेला. जोडणीवालाही बरा झाला. सरांची कातडी गेली आणि नवी आली.

मावशींचा डावा डोळा बरा झाला नाही. वेदनेच्या भरात त्यांनी तो ओल्या फडक्याने चोळला होता. जखम चिघळली, बुबुळावर पांढरा डाग राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यामागून उजेड कळेल, माणसं ओळखू येणार नाहीत.

मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मुंगीबाईंचं भांडण तुमच्याशी होतं ना?"

"हो."

"मग त्यांनी माझा काय विचार केला होता?"

खरं तेच मी सांगितलं. "काहीच नाही, मावशी. तुमचा विचारच केला नव्हता."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

प्रयोगशाळा उशिरा सुरू झाली. मावशी कामावर परतल्या होत्या. प्राचार्यांनी त्यांना बसून करायचं काम देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. पहिल्या दिवशी मुलं आत आली, पिशव्या ओट्याखाली सारल्या आणि बघता बघता पेटीभोवती गोळा झाली. सगळ्यांना तीच बघायची होती. जोडणीवाल्याने नवी कळ बसवून दिली होती, माझ्यादेखत पुन्हा पुन्हा तपासली होती. मी काच वर केली. पांढरा उजेड आतल्या पत्र्यावर पडला होता, स्वच्छ आणि निरुपद्रवी. मुलं वाट बघत होती.

माझा हात काठापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मला तो पुढे नेता येईना. मागून एक मुलगी पुढे वाकली, तिचा चेहरा माझ्या खांद्याशी आला, आणि मी तिला इतक्या जोरात मागे ढकललं की ती दचकली.

मावशी भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी पेटीचं मुख्य बटण बंद केलं. पंख्याची घरघर थांबली, उजेड गेला.

"पोरांनो, आज कांद्याची मुळं बघायची आहेत," त्या म्हणाल्या. "ही पेटी बाई सांगतील त्या दिवशी."

मुलं सूक्ष्मदर्शकांकडे वळली. मी काच खाली ओढली आणि तिच्यावर हात ठेवून उभी राहिले. मावशी तिथून हलल्या नाहीत. मुलं एकमेकांना हाका मारत होती, दिसलं, मला दिसलं म्हणत होती, आणि त्या मान थोडी वळवून, उजव्या डोळ्याने, त्यांच्याकडे बघत होत्या.